अंधारखोलीतून : दगड किती काळा?

गेल्या अंकात जुनी देवळं, घाट आणि वाडे कृष्णधवल फिल्मवर टिपण्याविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये बऱ्याच जणांनी वडिलांचा किंवा मामांचा कॅमेरा कपाटातून बाहेर काढल्याचं लिहिलं आहे. ती पत्रं वाचताना साताऱ्यातला आमचा स्टुडिओ आणि त्याच्या मागची ती हायपोच्या, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाच्या, वासाची खोली डोळ्यांपुढे आली. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, म्हणून सात पत्रं घेतली आहेत.

बाबांच्या जुन्या यशिका कॅमेऱ्यात 120 चा, 125 आयएसओचा रोल घालून जानेवारीत वाईजवळच्या मेणवलीला गेलो होतो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर बारा फोटो काढले. मोबाइलमधल्या लाइट मीटरने नीट मोजून काढले. रोल धुऊन आला तर घाटाचा काळा दगड चुलीतल्या राखेसारखा करडा दिसतोय आणि आकाश कोऱ्या कागदासारखं. मीटर चुकीचा की रोल जुना?
— पुण्याचे एक वाचक

मीटर बरोबर आहे आणि रोलही चांगला आहे. तुम्ही निगेटिव्ह खिडकीवर धरून काढलेले फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. त्यांत पायऱ्यांवरचे छिन्नीचे घाव मोजता येतील इतके स्पष्ट आहेत. चूक एकच झाली. दगड किती काळा आहे हे तुम्ही ठरवायचं होतं, ते मीटरवर सोडलंत.

मीटरला घाट कळत नाही आणि दगडही कळत नाही. त्याच्यासमोर जे येईल ते मध्यम करडं आहे असं धरूनच तो आकडा सांगतो. साधारण 18 टक्के उजेड परत फेकणारी वस्तू, असा त्याचा हिशेब असतो. काळ्या म्हशीवर मीटर धरून फोटो काढा, मग पांढऱ्या बैलावर धरून काढा. कॉपीत, म्हणजे कागदावर छापलेल्या फोटोत, दोघंही एकाच करड्या रंगाची येतील. मेणवलीला तुमची चौकट काळ्या पाषाणाने भरलेली होती. मीटरने त्याला ओढून मध्यम करडं केलं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त उजेड फिल्मवर पडला.

आता हिशेब करू. समजा सकाळच्या कोवळ्या उजेडात दगडाच्या सावलीतल्या भागावर मीटर सांगतो 1/60 सेकंदाला एफ 5.6 (एफचा आकडा वाढला की भिंगातून उजेड कमी येतो). देवळाच्या चुना दिलेल्या शिखरावर धरला तर सांगतो 1/60 ला एफ 22. दोन्हींत चार स्टॉपचं अंतर आहे. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. दगड काळा दिसायला हवा, पण त्यातला पोत बुजता कामा नये, म्हणून मीटरने दगडासाठी सांगितलं त्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्यायचे. एफ 5.6 वरून एफ 11 वर यायचं. त्याच एफ 11 वर शिखर मध्यम करड्यापेक्षा दोन स्टॉप उजळ पडतं. ते पांढरं दिसतं, पण चुन्यावरचे ओघळही दिसत राहतात. दगडही जागेवर आणि शिखरही. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी 1940 च्या आसपास झोन सिस्टिम म्हणून जी पद्धत बसवली, तिचा गाभा एवढाच आहे. आमच्या बाबांना ते नाव माहीत नव्हतं, पण करत ते हेच.

हे डोळ्यांत बसावं म्हणून बाबांनी मला जो धडा दिला होता तोच तुम्हाला देते. घरात पाटा-वरवंटा असेल तर तो खिडकीशी ठेवा. मेणवलीच्या घाटाचा आणि आपल्या पाट्याचा दगड एकाच जातीचा, सह्याद्रीचा बेसॉल्ट. पाट्याचा अर्धा भाग ओला करा, अर्धा कोरडा राहू द्या, आणि कडेला मूठभर तांदळाचं पीठ पसरा. मग तीन फोटो काढा: पाट्यावर मीटर धरून येईल त्या आकड्याला पहिला, एक स्टॉप कमी करून दुसरा आणि दोन स्टॉप कमी करून तिसरा. पहिल्यात पाटा सिमेंटचा वाटेल आणि पिठाचा नुसता पांढरा डाग होईल. तिसऱ्यात टाकी लावलेल्या पाट्याचा एकेक टवका दिसेल, ओल्या भागावर खिडकीची चमक येईल आणि पीठ भुरभुरीत दिसेल. मी चौदा वर्षांची होते तेव्हा त्या तीन कॉप्या बाबांनी दोरीवर चिमट्यांनी लावल्या आणि विचारलं, यातला आपल्या आईचा पाटा कोणता? मी तिसऱ्याकडे बोट दाखवलं. पाटा रोज पाहिलेला होता, म्हणून त्याचा काळा मला माहीत होता. तुम्हीही मेणवलीच्या पायरीवर हात ठेवून, तो दगड कोरडा किती काळा आणि पाणी लागल्यावर किती, हे आधी बघा. मग मीटर काढा.

आता आकाश. फिल्मला निळा रंग आपल्या डोळ्यांपेक्षा उजळ दिसतो, म्हणून निळं आकाश कॉपीत फिकट पडतं. भिंगापुढे पिवळा फिल्टर, म्हणजे रंगीत काच, लावलात तर ते जरा दबतं, आणि त्यासाठी एक स्टॉप जास्त द्यावा लागतो. नारिंगीला दोन, लालला तीन. मेणवलीसाठी पिवळा पुरे. लाल फिल्टरने भर दुपारी वादळ आल्यासारखं आकाश होतं. एखाद्या गडाच्या बुरुजाला ते शोभतं, घाटावर कपडे धुणाऱ्या बाईच्या डोक्यावर शोभत नाही. आणि आकाशच धुरकट पांढरं असेल तर कुठलाही फिल्टर काही करू शकत नाही, कारण त्यात दाबायला निळा रंगच नसतो.

माझं मत विचाराल तर मेणवलीला आकाशाची गरजच कमी आहे. तो घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. पायऱ्यांच्या कडा एकाखाली एक वळत पाण्यात उतरतात आणि पाण्यात पुन्हा वर चढतात. उन्हं तिरकी असताना प्रत्येक पायरीची उभी बाजू सावलीत आणि आडवी बाजू उजेडात असते, तेव्हा त्या दगडावर नऊवारीच्या निऱ्या पडल्यासारखं दिसतं. कॅमेरा खाली झुकवा, आकाश चौकटीबाहेर जाऊ द्या. तुमच्या बारांपैकी सातव्या फोटोत चुकून असंच झालंय, आणि तोच सगळ्यांत चांगला आहे. वसईच्या मोहिमेनंतर आणलेली ती मोठी घंटा बाराव्या फोटोत आली आहे. ती वेगळी, जवळ जाऊन टिपा. घाटाच्या फोटोत ती कोपऱ्यात लटकली की डोळा सारखा तिकडे पळतो.

तुमचे बाराही फोटो वाया गेलेले नाहीत. कॉपी काढणाऱ्याला सांगा की दगड काळा हवा आहे. एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, कागदाला थोडा जास्त वेळ उजेड दिला की दगड खाली उतरेल, आणि आकाशाच्या पट्टीला वेगळा जास्तीचा उजेड दिला की तिथेही काहीतरी उमटेल. स्कॅन करून घेतले असतील तर मशीनही तुमच्या मीटरसारखंच सगळं करडं करतं, त्यालाही हेच सांगावं लागतं.

ताई, मी कोल्हापूरला कॉलेजात आहे. मोबाइलवर फोटो काढून एका बोटाने काळापांढरा करता येतो, तर रोलवर पैसे का घालवायचे? आमचे एक सर तर म्हणतात की भारत रंगांचा देश आहे, इथे कृष्णधवल म्हणजे उसनी चीज.
— कोल्हापूरचा विद्यार्थी

तुझ्या सरांचं म्हणणं हलकं नाही. रघुबीर सिंग यांच्यासारख्या मोठ्या छायाचित्रकाराने हीच बाजू आयुष्यभर मांडली आणि रंगीत फिल्मवर काम करून ती दाखवूनही दिली. जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाशील तेव्हा कृष्णधवल रोल घेऊन जाऊ नकोस. तिथे आकाशापासून माणसांच्या पापण्यांपर्यंत गुलालच गुलाल असतो. तो करडा झाला तर उरलं काय?

पण थंडीत पहाटे पंचगंगेच्या घाटावर जा. काळ्या दीपमाळा, काळी देवळं, पाण्यावरून उठणारी वाफ, पायरीवर एखादी ओली पितळी कळशी. तिथे रंग मुळातच एक-दोन असतात, आणि ज्याच्यासाठी तू तिथे थांबतोस ते म्हणजे काळ्याचे प्रकार. ओला काळा, शेवाळलेला काळा, धुक्यातून दिसणारा काळा. हे कृष्णधवलचं घर आहे. ती उसनी चीज वाटत असेल तर आजीने काळ्या दगडी उंबऱ्यावर पांढरी रांगोळी काढलेली आठव.

मोबाइलचं म्हणशील तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पैसे नसतील तर मोबाइलवरच शीक, फक्त फोटो काढून झाल्यावर काळापांढरा करू नकोस. आधी सेटिंग बदलून पडदाच काळापांढरा कर आणि मग बघ. नंतर बोट फिरवण्यात आणि आधी ठरवण्यात फार फरक आहे. लाल शालू आणि हिरवा पडदा डोळ्यांना किती वेगळे दिसतात, पण करड्यात ते एकमेकांत मिसळून जातात. हे आधीच दिसायला लागलं की अर्धी विद्या आली. मग एखाद्या मित्राबरोबर अर्धा खर्च वाटून घेऊन एक रोल आण. 120 च्या रोलवर चौकोनी फोटो बाराच बसतात. बाराच आहेत हे माहीत असलं की माणूस घाटावर तासभर नुसता बसतो, आणि त्या तासाभरात त्याला उजेड सरकताना दिसतो. तुझ्याकडून मला तो तास हवा आहे. पैसे त्याचेच पडतात असं समज.

माझ्या पणजीचा 1930 च्या सुमाराचा स्टुडिओतला फोटो आहे. त्यात तिचं कुंकू शाईसारखं काळं दिसतं. मुलं विचारतात, ती काळं कुंकू लावायची का? दुसरं म्हणजे, मी आमच्या जांभ्या दगडाच्या घराचा फोटो लाल फिल्टर लावून काढला, तर घर चुना दिल्यासारखं पांढुरकं आलं. हे उलटं कसं?
— रत्नागिरीच्या वाचक

दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे, आणि तुम्ही ती एकाच पत्रात विचारलीत याचं मला कौतुक वाटलं.

पणजीबाईंचं कुंकू लालच होतं. त्या वेळी पुष्कळ स्टुडिओंत ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात ती फिल्म वापरत. तिला निळा आणि हिरवा दिसतो, लाल दिसत नाही. जे दिसत नाही ते कॉपीत काळं येतं. म्हणून कुंकू काळं, ओठ गडद आणि लाल काठही काळेच. चेहऱ्यावरचे बारीक डाग त्यात उठून दिसत, म्हणून स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिलीने हात फिरवत. तुमच्या फोटोत पणजीबाईंच्या गालाची कातडी कुंकवाच्या मानाने फारच गुळगुळीत वाटत असेल तर कुणीतरी तासभर भिंगाखाली बसून काम केलेलं आहे. पुढे सगळे रंग पाहणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सगळीकडे आली आणि कुंकू करडं झालं. मला विचाराल तर कुंकवाच्या बाबतीत जुनी फिल्मच खरी होती. बाईच्या कपाळावर सगळ्यांत ठळक काय, ते तिला बरोबर कळत होतं.

त्याच्याही आधीच्या काचेच्या प्लेटा मुख्यतः निळाच पाहत. एकोणिसाव्या शतकातल्या देवळांच्या आणि लेण्यांच्या फोटोंत आकाश इतकं कोरं असतं ते त्यामुळे. फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी 1850 च्या दशकात त्यावर तोड काढली. समुद्र एका निगेटिव्हवरून छापायचा आणि ढग दुसऱ्या. म्हणजे पुण्याच्या वाचकांना छळणारं पांढरं आकाश जवळजवळ फोटोग्राफीइतकंच जुनं आहे.

आता जांभा. फिल्टर आपल्या रंगाच्या वस्तूला उजळ करतो आणि विरुद्ध रंगाच्या वस्तूला गडद. लाल फिल्टरने तांबडा जांभा उजळला आणि मागची नारळी-पोफळी काळवंडली असणार, बघा. कोकणात हिरवा किंवा पिवळट हिरवा फिल्टर लावा. जांभा खाली उतरतो, त्यातली भोकं न् भोकं दिसतात आणि माड उजळतात. पावसाने भिजलेल्या जांभ्याला तर फिल्टरही नको. देशावर बेसॉल्टपुढे जे शिकलो ते कोकणात आल्यावर बाजूला ठेवावं लागतं. मी स्वतः गणपतीपुळ्याच्या वाटेवर दोन रोल घालवून हे शिकले.

नागपूरच्या उन्हाळ्यात घरी रोल धुता येईल का? नळाचं पाणीच कोमट येतं. सगळी पुस्तकं 20 अंश म्हणतात.
— नागपूरचे वाचक

येईल. 20 अंशांच्या मागे लागू नका, 24 धरा. ज्या मध्यम वेगाच्या फिल्मला एकास एक पातळ केलेल्या डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) 20 अंशांना 11 मिनिटं लागतात, तिला 24 ला साडेसात मिनिटांच्या आसपास पुरतात. फक्त वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका, मग डेव्हलपिंग डागाडागांचं होतं. विदर्भाच्या कोरड्या हवेत माठ फार उत्तम काम करतो. नव्या माठातलं रात्रभराचं पाणी मोठ्या घमेल्यात ओता आणि त्यात रसायनांच्या बाटल्या अर्धा तास उभ्या ठेवा. कमी पडलं तर पिशवीत बांधलेला बर्फ घमेल्यात सोडा, रसायनात कधीही नाही. कोकणातल्या दमट हवेत माठ इतका गार होत नाही, तिकडच्यांनी बर्फावरच भिस्त ठेवावी. आणि डेव्हलपर, हायपो, धुण्याचं पाणी यांत अंश-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. गार फिल्म एकदम कोमट पाण्यात गेली की तिच्यावरचा थर सुरकुततो, आणि ते परत नीट करता येत नाही.

एक गोष्ट जीव तोडून सांगते. बाटल्या ओळखू येतील अशा ठेवा. 1984 साली मेढ्याला माझ्या आजोळचा वाडा उतरवायचं ठरलं, तेव्हा मी इंदूचा एक रोल घेऊन गेले होते. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा हा रोल तेव्हा सहज मिळायचा. दिंडी दरवाजा, माजघरातला झोपाळा, उखळ, बळदाचं तोंड, आणि ओसरीच्या खांबाला टेकून बसलेली आजी. घरी येऊन घाईत रोल धुण्याच्या टाकीत डेव्हलपरच्या आधीच हायपो ओतला. हायपो आधी पडला की फिल्मवरची चांदी, तिने उजेड पाहिलेला असो वा नसो, सगळी विरघळून जाते. रोल काचेसारखा स्वच्छ निघाला. मी पुन्हा मेढ्याला जाईपर्यंत वाड्याची तुळई उतरलेली होती. त्या दिवसापासून माझ्या हायपोच्या बाटलीच्या गळ्याला जाड सुती दोरा बांधलेला असतो. मिट्ट काळोखातही बोटांना तो लागतो. तुम्हीही बांधा, आणि पहिला रोल गच्चीवरच्या कुंड्यांचा काढा.

पावसाळ्यात कॅमेरा कसा ठेवावा?
— लोणावळ्याचे वाचक

चामड्याच्या कव्हरातून आजच बाहेर काढा. चामडं ओल धरून ठेवतं आणि भिंगावर बुरशीची जाळी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांबरोबर ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की मंद तव्यावर परतून घ्या, मूळ रंग परत येतो. रोल फ्रीजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्यावर दोन तास पाकीट फोडू नका. आणि पावसात बाहेर पडा! धुकं आणि ओला दगड यांच्या मधले जितके करडे या चार महिन्यांत मिळतात, तितके बाकीच्या आठ महिन्यांत मिळत नाहीत.

एका प्रदर्शनातून दीपमाळेचा एक कृष्णधवल फोटो विकत घेतला. प्रदर्शनात फार आवडला होता. घरी भिंतीवर लावला तर नुसता काळोख वाटतो. यजमान म्हणतात, नीट धुतलेला नाही. असे फोटो बघायचे कसे?
— ठाण्याच्या वाचक

भिंत कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला वाटतं ती दिवाणखान्यातली, ट्यूबलाइटच्या खालची किंवा समोरची असावी. काचेत दिवा दिसत असेल तर त्याच्या मागचे काळे सगळे एकच होऊन जातात. आधी तो फोटो भिंतीवरून काढा आणि सकाळी दहाच्या सुमारास उत्तरेच्या खिडकीशी खुर्चीवर उभा ठेवा. ऊन थेट पडू देऊ नका. मग समोर बसा, घाई करू नका. सिनेमाच्या थेटरात शिरल्यावर डोळे स्थिरावायला वेळ लागतो, तसाच इथेही लागतो.

पहिल्यांदा त्यातली सगळ्यांत काळी जागा शोधा. बहुधा दीपमाळेच्या हातांखाली, जिथे पणत्या ठेवतात त्या खोबणीत असेल. मग सगळ्यांत पांढरी जागा शोधा. ती अगदी इवलीशी असेल, एखाद्या कडेवर पडलेल्या उन्हाची रेघ. या दोन टोकांच्या मधे किती पायऱ्या आहेत ते डोळ्यांनी उतरत या. दगडाची उजेडाकडची बाजू, वळलेली बाजू, शेवाळ, तेलाने चिकट झालेला भाग. शंभर-दोनशे वर्षांचं तेल पिऊन दीपमाळेचा दगड जागोजाग तुळतुळीत होतो आणि त्याचा काळा बाकीच्या दगडाच्या काळ्याहून वेगळा असतो. कृष्णधवल फोटोत तो वेगळेपणा उतरला असेल तर काढणाऱ्याने तो दगड खरोखर पाहिलेला आहे. आणि सगळीकडे एकच सपाट काळा असेल, कुठेही बोट आत गेल्यासारखं वाटत नसेल, तर मात्र तुमच्या यजमानांचं बरोबर आहे.

मग फोटो उलटा करा, डोकं खाली. आता ती दीपमाळ राहत नाही, नुसते उजेडाचे आणि सावलीचे आकार उरतात. त्यांचा तोल जमला आहे का ते अशा वेळी चटकन कळतं. मी कॉपी ट्रेमध्ये असतानाच उलटी फिरवून बघते. चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. कडेला अर्धवट कापलेला विजेचा खांब किंवा पांढरा ठिपका राहिला असेल तर तो सारखा त्रास देईल. नसेल तर कुणीतरी कष्ट घेतले आहेत.

ते कष्ट कसे असतात तेही सांगते. एन्लार्जरखाली कागदावर उजेड पडत असताना, जो भाग फार काळा होईल त्याच्यावर तारेला लावलेल्या पुठ्ठ्याच्या चकतीने सावली धरायची. जो फिकट राहील त्याला पुठ्ठ्याच्या भोकातून जास्त उजेड द्यायचा. हात सारखा हलता ठेवायचा, नाहीतर चकतीची कड उमटते. एका दीपमाळेच्या कॉपीसाठी मी एकदा एकोणीस कागद वापरले आहेत. ॲन्सेल ॲडम्स तरुणपणी पियानो वाजवायला शिकले होते. ते निगेटिव्हला संगीताच्या लिखित रचनेची आणि प्रिंटला तिच्या सादरीकरणाची उपमा देत. आपल्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. बंदिश तीच असते, पण मैफल रोज वेगळी होते. तुमच्या फोटोच्या मागे पेन्सिलीने काही आकडे लिहिलेले असतील तर तो त्या मैफलीचा हिशेब आहे, तो पुसू नका.

भिंत बदला. खिडकीच्या समोरची नको, खिडकीला काटकोनात असलेली निवडा.

माझं वय 74. आमचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं, आम्ही रायगड जिल्ह्यात येऊन वसलो. पाणी चढायच्या आधी, 1960 च्या सुमारास, काकांनी मुंबईहून कुणाचातरी पेटीसारखा कॅमेरा आणून गावाचे आणि देवळाचे फोटो काढले होते. कॉप्या कुणाकडेच राहिल्या नाहीत. मला आता ट्रंकेत आठ निगेटिव्ह सापडल्या. वास आंबूस येतो, दोन वाकल्या आहेत. यातून काही होईल का?
— रायगड जिल्ह्यातले वाचक

होईल. काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आठच्या आठ निगेटिव्ह म्हणजे एक अख्खा रोल आहे. पेटी कॅमेऱ्यात 120 च्या रोलवर लांबट फोटो आठच बसत. म्हणजे तुमच्या काकांनी काढलं ते सगळं तुमच्या हातात आहे, त्यातलं काही हरवलेलं नाही.

आंबूस वास व्हिनेगरचा आहे. त्या काळची फिल्म ज्या ॲसिटेटच्या पट्टीवर असे ती जुनी आणि दमट झाली की तिच्यातून ॲसिड सुटतं, आणि एकीचं पाहून दुसरीला लागावं तसं ते शेजारच्या निगेटिव्हलाही लागतं. म्हणून आज संध्याकाळीच प्रत्येक निगेटिव्ह वेगळ्या साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात घाला. प्लास्टिक नको. ट्रंकेत परत ठेवू नका, घरातल्या सगळ्यांत कोरड्या आणि गार कपाटात ठेवा. फक्त कडेला धरा. पाण्याने धुऊ नका, कापडाने पुसू नका, आणि वाकलेल्या दोन सरळ करायच्या म्हणून दाबू नका. थर तडकतो.

वाकलेल्यांचे फोटो आधी काढून घ्या, कारण त्यांना वेळ कमी आहे. नातवाला सांगा, एका काचेखाली पांढरा उजेड करायचा, निगेटिव्ह वर ठेवायची आणि कॅमेरा बरोबर सरळ वरून धरून टिपायचं. ते सुरक्षित झालं की मग खऱ्या कॉप्या. या निगेटिव्ह मोठ्या असतात, एन्लार्जरही लागत नाही. कागदावर निगेटिव्ह ठेवून वरून काच दाबली आणि उजेड दिला की त्याच मापाची कॉपी निघते. त्या काळी गावोगाव अशाच कॉप्या निघत. वाकलेल्या दोघींना मात्र काचेखाली दाबायचं नाही, त्यांच्या कॉप्या नातवाने टिपलेल्या फोटोंवरूनच करा. जवळपास कुणी अंधारखोलीवाला सापडला नाही तर मासिकाच्या पत्त्यावर मला कळवा. निगेटिव्ह टपालाने पाठवू नका, कुणाच्या तरी हाती पाठवा. मी स्वतः काढून देईन.

कॉप्या हातात आल्या की तुमच्या वयाच्या गाववाल्यांना घरी बोलवा. खिडकीशी बसा आणि एकेक कॉपी बघा. देवळाचा दगड किती काळा होता, पायरी कोणत्या बाजूला झिजलेली होती, पाराखाली उभा आहे तो कुणाचा कोण, हे आता तुम्हा चार-सहा जणांनाच सांगता येईल. कॉपीत दगड फिकट वाटला तर तसं मला सांगा. मी तो दगड पाहिलेला नाही, तुम्ही पाहिला आहे. तुम्ही हो म्हणेपर्यंत मी पुन्हा काढीन. आणि प्रत्येक कॉपीच्या मागे गावाचं नाव, वाडीचं नाव आणि माणसांची नावं मऊ पेन्सिलीने, जोर न देता लिहा. बॉलपेनने नको, शाई पुढच्या बाजूला फुटते.